चपलेला हात कोण लावणार?

गेल्या जुलैतली गोष्ट. मित्राच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. तेरावा मजला, बाहेर धो धो पाऊस आणि दारासमोर पंचवीस-तीस ओले जोड. जेवण झाल्यावर फोन आला म्हणून मी पॅसेजमध्ये आलो. मित्राच्या काकू तिथे उभ्या होत्या. एका हाताने पदर नाकाशी धरलेला, दुसऱ्या हातात झाडू, पण उलटा. झाडूच्या दांड्याने त्या एक सँडल लिफ्टपासून जिन्याकडे ढकलत होत्या. आधी डावी, मग उजवी. "कुणाची आहे गं बाई ही! जीव घुसमटला नुसता."

सँडल माझी होती.

मी काही बोललो नाही. फोन कानाला तसाच लावून खिडकीकडे वळलो आणि "हो हो, पाठवतो" असं कुणालाच न उद्देशून म्हणालो. सगळे आत गेल्यावर जिन्यातून सँडल उचलली, हातात धरून दोन मजले अनवाणी उतरलो आणि मग घातली. इंजिनिअरिंगची पदवी, सहा वर्षांचा अनुभव, महिन्याला बऱ्यापैकी पगार, आणि एका झाडूच्या दांड्याने माझी लायकी ठरवली होती.

हा लेख वासाबद्दल आहे, आणि त्या दांड्याबद्दलही. मला त्या काकूंवर राग काढायचा नाही. त्यांच्या जागी माझी आई असती तर तिनेही दांडाच वापरला असता. मुद्दा तोच आहे.

*

घरी येऊन मी जे केलं ते तुम्हीही केलं असतं. फोन काढला आणि रील्स बघायला लागलो. पुढचे चार आठवडे मी एकामागून एक उपाय केले. सँडलवर रात्रभर बेकिंग सोडा भुरभुरला. वापरलेल्या टी-बॅग वाळवून पट्ट्यांखाली ठेवल्या. सँडल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मटारच्या पाकिटाशेजारी फ्रीझरमध्ये ठेवली. (रूममेट दोन दिवस बोलला नाही.) लिंबाची सालं, टाल्कम पावडर, कापूर सगळं झालं. शेवटी साडेतीनशे रुपयांचा 'शू फ्रेशनर' मागवला. त्याने सँडलला लॅव्हेंडरच्या शेतात उंदीर मेल्यासारखा वास यायला लागला.

प्रत्येक उपायाने दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी वास हजर. आमच्या धंद्यात अशा कामाला नाव आहे. प्रोग्रॅम एरर देतोय, तर एरर दुरुस्त न करता फक्त दिसेनाशी करायची. डॅशबोर्ड हिरवा, सगळे खूश, आणि शनिवारी रात्री दोन वाजता सर्व्हर झोपतो.

म्हणून मी तेच केलं जे ऑफिसात करतो. एरर कुठून येते ते शोधलं.

घामाला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. तळहात आणि तळपाय ही आपल्या अंगावरची सर्वांत दाट घामग्रंथींची जागा, पण तिथून येतं ते मुख्यतः मीठ-पाणी. वास तयार करतात बॅक्टेरिया. आपल्या त्वचेवर कायम वस्तीला असलेले स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे जीव घामातलं ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल फोडतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल बाहेर पडतं. पायांचा तो आंबूस, चीजसारखा वास म्हणजे प्रामुख्याने हे आम्ल. चीजसारखा हा शब्द मी उगाच वापरत नाही. लिम्बर्गर नावाचं कुप्रसिद्ध वासाचं चीज ज्या ब्रेव्हिबॅक्टेरियममुळे पिकतं, त्याचेच भाऊबंद आपल्या पायांच्या बोटांमध्ये राहतात. डासही यात फरक करत नाहीत. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनॉफिलिस गॅम्बिए जातीच्या माद्या माणसाच्या पायाकडे आणि लिम्बर्गरकडे सारख्याच ओढल्या जातात, हे दाखवणाऱ्या संशोधकांना २००६ मध्ये इग नोबेल मिळालं.

इग नोबेल म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचं बक्षीस. पायाच्या वासावर ते किमान तीनदा दिलं गेलंय. १९९२ मध्ये योकोहामातल्या शिसेइदो कंपनीच्या संशोधकांना, वासाला जबाबदार रसायनं शोधल्याबद्दल. २००६ मध्ये डासवाल्यांना. आणि २०२५ मध्ये आपल्याच देशातल्या शिव नाडर विद्यापीठाशी संबंधित विकास कुमार आणि सार्थक मित्तल या दोघांना, घाण वास मारणाऱ्या बुटांचा चपलांच्या रॅकवर काय परिणाम होतो याच्या अभ्यासाबद्दल. हॉस्टेलच्या खोल्यांबाहेर पडलेले बूट बघून त्यांना हा विषय सुचला. त्यांनी बुटांवर अतिनील म्हणजे यूव्हीसी प्रकाश टाकणारं रॅक सुचवलं. त्यांच्या निशाण्यावरचा जंतू होता कायटोकॉकस सेडेंटेरियस. हाच पुढे वाढला तर तळपायाला बारीक बारीक खड्डे पाडतो.

आता या माहितीच्या उजेडात माझे चार आठवडे बघा.

बेकिंग सोडा आयसोव्हॅलेरिक आम्लाचं क्षारात रूपांतर करतो. क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास कमी होतो. आम्ल गेलं, पण आम्ल बनवणारा कारखाना जागेवर आहे. दुसऱ्या दिवशी पाय घातला की पुन्हा कच्चा माल सुरू. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस दाखवणारी रील तर शुद्ध फसवणूक आहे. एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारतात. फेस हा कार्बन डायऑक्साइड असतो आणि उरतं ते बहुतेक खारट पाणी. फ्रीझरमध्ये हे बॅक्टेरिया मरत नाहीत, झोपतात. प्रयोगशाळेत बॅक्टेरिया वर्षानुवर्षं जपून ठेवायचे असतात तेव्हा ते गोठवूनच ठेवतात. म्हणजे मी माझ्या सँडलमधली वस्ती चक्क संग्रहालयात जपत होतो. आणि फ्रेशनरबद्दल काय बोलावं! न आंघोळ करता अत्तर लावण्याला आपण माणसाच्या बाबतीत काय म्हणतो?

यातला एकही उपाय बॅक्टेरियांचं अन्न काढून घेत नाही. ते अन्न म्हणजे सँडलच्या गादीवर टाचेच्या आणि अंगठ्याच्या जागी उमटलेला काळा, चकचकीत ठसा. मेलेली त्वचा, घाम, तेल आणि धूळ यांचा महिनोन्‌महिने दाबून बसवलेला थर. बूट घालणारा मोजे घालतो, मोजे घाम पितात आणि मोजे रोज धुतले जातात. सँडलमध्ये मोजा नसतो. सँडल हाच मोजा. कधीही न धुतलेला मोजा.

म्हणजे उपाय काय? धुणे. साबण, पाणी, ब्रश. दुसरीतल्या मुलाला विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं.

*

इथे मी अडकलो. उत्तर अवघड होतं म्हणून नव्हे. ते इतकं सोपं असून मला चार आठवडे सुचलं का नाही, म्हणून.

त्या उपायांची यादी पुन्हा वाचा. भुरभुरा. फवारा. ठेवून द्या. पिशवीत बांधा. उन्हात सरकवा. यातलं एकही क्रियापद सँडल हातात घेऊन चोळा असं म्हणत नाही. सगळ्या उपायांचा गाभा एकच आहे, चपलेला हात न लावता काम झालं पाहिजे. त्या काकूंच्या दांड्याची ही सुधारित आवृत्ती आहे. माझ्या साडेतीनशे रुपयांच्या स्प्रेचं नळकांडं म्हणजे बटण दाबता येणारा झाडूचा दांडा.

आमचं घर सांगलीचं. आमच्याकडे पितळेची भांडी चिंचेने घासतात. गॅसची शेगडी रोज पुसतात. वडील दर रविवारी स्कूटर शाम्पूने धुतात आणि दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतात. ती स्कूटर गटारातून जाते, शेणातून जाते, तिच्या मडगार्डखाली काय काय चिकटलेलं असतं ते त्यांच्या हातांना माहीत आहे. पण एकोणतीस वर्षांत मी आमच्या घरात कुणालाही चप्पल धुताना पाहिलेलं नाही. पावसाळ्यात चिखल काढायला नळाखाली पायासकट धरायची, एवढंच. चपलेला ब्रश नाही, फडकं नाही, जागा नाही. आंघोळीनंतर चपलेला हात लागला तर हात धुवून ये. देवाजवळ जायचं असेल तर पायही धू. चप्पल उलटी पडली तर भांडण होतं, म्हणून ती सरळ करायची, पण तीही पायानेच.

ही स्वच्छता नाही, हा विटाळ आहे. दोन्हीत फरक आहे. स्वच्छतेच्या नियमात घाण वस्तू धुतली की स्वच्छ होते. विटाळाच्या नियमात वस्तू कितीही धुतली तरी तशीच राहते, आणि तिला हात लावणारा मात्र बाटतो.

आपली भाषाच बघा. पायातली वहाण पायातच बरी. अमक्याला मी जोड्यापाशीही उभं करणार नाही. निषेध करायचा तर फोटोला जोडे मारायचे, धिंड काढायची तर गळ्यात चपलांचा हार. आणि कृतज्ञतेची परिसीमा काय, तर माझ्या कातड्याचे जोडे करून तुझ्या पायात घातले तरी उपकार फिटणार नाहीत. चप्पल ही आपल्या मराठीत अपमान मोजायची पट्टी आहे. आणि जो माणूस ती बनवतो, त्याच्या जातीचं नाव घेऊन आपण नसत्या चौकशांना 'चांभारचौकशा' म्हणतो. मीही म्हणायचो, मागच्या वर्षीपर्यंत, स्टँडअप मीटिंगमध्ये, हसत.

मी त्या समाजातला नाही. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही आणि हौसही नाही. मी माझ्या घराबद्दल बोलतोय, जिथे चपलेला हात लावायचं काम नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

आणि हेच घर पादुकांपुढे लोटांगण घालतं. आळंदीहून ज्ञानोबांच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीतून पंढरपूरला निघतात तेव्हा आई टीव्हीसमोर हात जोडून उभी राहते. पादत्राण पवित्र असू शकतं हे आपल्याला कळत नाही असं नाही. आपल्याला ते घडवणारा आणि सांभाळणारा हात पवित्र वाटत नाही, एवढंच.

२०२५ च्या जूनमधला गोंधळ आठवतो? मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. आपण सगळे पेटलो. माझ्या स्टेटसवरही चोवीस तास कोल्हापुरी होती. भौगोलिक मानांकन २०१९ चं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे, हे सगळं मी दोन दिवसांत पाठ केलं. राग खोटा नव्हता. पण ज्या हातांनी ती चप्पल घडते, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं मुरवण्यापासून वेणी विणण्यापर्यंत, त्या हातांना आपण घरात कुठपर्यंत येऊ देतो हा प्रश्न मला त्या दोन दिवसांत पडला नाही. इटलीवाल्यांनी श्रेय दिलं नाही म्हणून बोंब मारणारा मी, स्वतःची चप्पल हातात घ्यायला कचरत होतो.

*

आता तुमच्या मनात जे आक्षेप आले असतील ते मलाही आले होते.

पहिला. अरे, परदेशात कुठे जात आहे? तिकडेही लोक सोडा भुरभुरतात, फ्रीझरमध्ये बूट ठेवतात. खरं आहे. या रील्सचं मूळही बहुतेक तिकडचंच. तिकडे कारण आळस असेल, बाजार असेल. पण आपण हाताने घासणारी माणसं आहोत. ज्या घरात शर्टाची कॉलर ब्रशने घासली जाते, मिक्सरच्या भांड्याचं रबर काढून धुतलं जातं, त्या घरात आळस हे कारण पटत नाही. तिथे नेमकी चप्पलच का सुटते, याला दुसरं कारण लागतं.

दुसरा. चपलेला रस्त्याची घाण असते, तिला हात न लावणं हा आरोग्याचा नियम आहे, त्यात जात कशाला आणता? चपला दाराबाहेर काढाव्यात हे मला पूर्ण मान्य आहे, मीही काढतो. पण रस्त्याची घाण तळाला असते. वास येतो वरच्या बाजूने, जिथे आपला स्वतःचा पाय टेकतो. ती घाण शंभर टक्के आपली आहे, आपल्याच कातडीची. आणि हात धुतले की हात स्वच्छ होतात, हे तर २०२० मध्ये आपण सगळे शिकलो.

तिसरा, आणि हा माझ्या वयाच्या लोकांचा आवडता. वास आला की फेकून द्यायची, नवी घ्यायची, एवढं काय? माझ्यासारख्याला परवडतं, म्हणून हा आक्षेप मला सर्वांत जास्त खुपतो. नवी सँडलही त्याच पायात जाते, त्याच पावसात भिजते, आणि महिन्या-दोन महिन्यांत तिथेच येते. जुनीचा फोम शेकडो वर्षं कचरा डेपोवर पडून राहतो. आणि ज्याला परवडत नाही त्याचं काय?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑगस्टमध्ये एक मेसेज आला. डिलिव्हरीवाल्यांच्या पायांचा लिफ्टमध्ये वास येतो, त्यांना सर्व्हिस लिफ्ट सक्तीची करा. पाच मिनिटांत एकवीस अंगठे. मी तो मेसेज वाचला आणि मला झाडूचा दांडा आठवला. तो मुलगा सकाळी नऊला सँडल घालतो आणि रात्री अकराला काढतो. मध्ये चारदा भिजतो. त्याच्याकडे दुसरा जोड असेलच असं नाही, आणि रात्री खोलीवर सहा जणांत एक पंखा. बॅक्टेरियांना लागतात तीन गोष्टी, ओल, ऊब आणि वेळ. आपण दहा मिनिटांत किराणा मागवून त्या तिन्ही त्याच्या पायात भरतो आणि मग नाक धरतो. वास त्याचा नाही, त्याच्या कामाच्या तासांचा आहे. पण आपण वासाला माणूस चिकटवतो आणि मग माणसाला लिफ्ट वेगळी करतो. आपल्या देशात वेगळा पाणवठा कसा तयार होतो हे शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. वेगळी लिफ्ट तयार होताना मी लाइव्ह पाहिली.

मी त्या दिवशी ग्रुपवर काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी लिहिलं. ज्या वास्तुशांतीत माझीच सँडल जिन्यात ढकलली गेली होती ती गोष्टही लिहिली. दोन अंगठे आले, मग शांतता, मग कुणीतरी पार्किंगचा विषय काढला.

*

या सगळ्यात मला शहाणपणाचं एकच वाक्य ऐकायला मिळालं, तेही रीलमध्ये नाही. ऑफिसजवळच्या चौकात एक काका चपला शिवायला बसतात. माझ्या सँडलचा पट्टा सुटला म्हणून गेलो. त्यांनी ती घेतली, मांडीवर ठेवली, डोळ्यांजवळ नेऊन टाका बघितला. मी ओशाळून म्हणालो, "काका, वास येतो हो तिला. सॉरी."

"पायात घातली तर वास येणारच की," ते म्हणाले. "धुवत नाय का तुम्ही? धुवा आन् वाळवा. एक दिवस घाला, एक दिवस टांगा."

तीस रुपये आणि शास्त्रीय सल्ला मोफत. इग नोबेलवाल्या तिन्ही संशोधनांचं सार त्या तीन वाक्यांत होतं.

तर मी काय केलं ते सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना खरं तर एवढंच हवं आहे, आणि ते हवं असण्यात काही चूक नाही.

रबर, फोम आणि नायलॉन पट्ट्यांची सँडल असेल तर बादलीत कोमट पाणी घ्या, उकळतं नको, डिंक सुटतो आणि फोम आकसतो. त्यात चमचाभर कपड्यांची पावडर टाका. एन्झाइमवाली असेल तर जास्त चांगलं, ती प्रथिनांचा थर फोडते. वीस-पंचवीस मिनिटं भिजू द्या. मग ब्रश घ्या आणि तो काळा ठसा घासा. पहिल्यांदा जे पाणी निघेल ते बघून तुम्हाला स्वतःबद्दल नवी माहिती मिळेल. पट्ट्यांची आतली बाजू विसरू नका, तिथे बोटं सर्वांत जास्त घासली जातात. स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, जुन्या टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि पंख्याखाली उभी करून ठेवा. पूर्ण दिवस. अर्धवट वाळलेली सँडल घालणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. वाळल्यावरही वास उरला तर मेडिकलमधून सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा आणि कापसाने गादी पुसा. शंभर टक्क्यांचं नको, जंतू मारायला अल्कोहोलला थोडं पाणी लागतं. हे करताना जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसावी.

कोल्हापुरी किंवा कुठलीही चामड्याची चप्पल मात्र बुडवू नका. सोडाही नको, अल्कलीने वनस्पतीवर कमावलेलं कातडं काळं पडतं आणि कडक होतं. फडकं ओलं करून घट्ट पिळा, त्यावर सौम्य साबणाचा नुसता हात फिरवा, पुसा, पुन्हा साध्या ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात तडे जातात. पूर्ण वाळली की तेलाचं बोट फिरवा, जास्त नको. पावसाळ्यात तिला सुट्टी द्या. तिचा तो ऋतू नाही.

आणि पाय. बोटांच्या बेचक्यांत साबण लावून धुवा आणि तिथेच कोरडे करा. सँडल धुवून पाय तसाच ठेवला तर संध्याकाळपर्यंत पूर्वीची वस्ती परत येते. तळपायाला बारीक खड्डे दिसत असतील, कातडी पांढरी पडून सोलत असेल, तर रील बघू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तो संसर्ग आहे आणि औषधाने बरा होतो. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्या पायांकडे आणि चपलांकडे रोज बघा. रोज म्हणजे रोज.

परवडत असेल तर दोन जोड आलटून-पालटून घाला. काकांनी सांगितलेलं हे सगळ्यात मोठं औषध. आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनला दिवाळीत काय द्यावं असा प्रश्न पडत असेल तर मिठाईच्या डब्याऐवजी त्यांच्या मापाचा दुसरा जोड द्या. माप विचारावं लागेल. पायाबद्दल बोलावं लागेल. ते जड जाईल, पण जाऊ दे.

*

माझी सँडल आता वास मारत नाही. दर दुसऱ्या रविवारी धुतो, पंधरा मिनिटं लागतात. यूव्हीसीच्या रॅकला माझा विरोध नाही. त्या दोघांनी ज्या विषयावर सगळे नुसते हसतात त्याकडे गंभीरपणे पाहिलं, त्याचं मला कौतुकच आहे. पण ते रॅक उद्या बाजारात आलं तरी काळा ठसा ते घासणार नाही. त्याला हातच लागेल.

गणपतीत सांगलीला गेलो होतो. सकाळी मोरीत बसून सँडल घासायला लागलो तर आई धावत आली. "इथं? या मोरीत? भांडी घासतो ना आपण इथं!" मी म्हणालो, मोरी नंतर धुऊन देतो. "पण हात?" मी म्हणालो, हातही धुतो. ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाहेरच्या नळावर जा." मी गेलो. वाद घालण्यात अर्थ नव्हता, तिच्या घरात तिचा नियम. अंगणात बसून मी माझी धुतली आणि शेजारी पडलेली वडिलांचीही धुतली. वडील पेपर वाचता वाचता बघत होते. "अरे माझी कशाला, मी करीन," म्हणाले, पण उठले नाहीत.

निघायच्या दिवशी दारात बघितलं तर आईची चप्पल ओली होती आणि उन्हाच्या कडेला, सावलीत, भिंतीला टेकवून उभी केलेली. नळावर कपड्यांचा जुना ब्रश पडलेला. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर "पावसात भिजली" म्हणाली असती, आणि त्या दिवशी पाऊस नव्हता.

रविवारी तुम्ही तुमची उचला. दांड्याने नाही, पायाने सरकवून नाही. हाताने.